शेडनेटखालचा समुद्र

माझी नोकरी लोकांना धीर धरायला सांगण्याची आहे. जळगावजवळच्या एका नर्सरीत टिश्यूकल्चरची केळीची रोपं तयार होतात आणि मी ती विकतो. रावेर-यावलकडचे शेतकरी टेम्पो घेऊन येतात, ट्रे चढेपर्यंत चहा होतो आणि चहाबरोबर माझं भाषण. भाषण ठरलेलं आहे. हे रोप बाटलीत, ट्यूबच्या उजेडात वाढलंय, त्याने ऊन पाहिलेलं नाही. नेल्यानेल्या उन्हात उभं केलंत तर ते करपेल आणि तुम्ही मला शिव्या घालाल. आधी दाट शेडनेटची सावली, मग पातळ, मग उघडं रान. घाई करायची नाही.

हे भाषण मी झोपेतही देऊ शकतो. बायको म्हणते, देताही. तर असा हा मी आपल्या थोरल्या भावाच्या समुद्रात काय करून बसलो, ते सांगायचं आहे.

समुद्र धुळ्याला होता, देवपुरातल्या नानांच्या घरी, बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या जागी. दीड हात लांब काचेची टाकी. नाना भूजल खात्यात होते. उभं आयुष्य लोकांच्या शेतात फिरून पाणी कुठे लागेल ते सांगण्यात गेलं, आणि बहुतेक वेळा ‘इथे लागणार नाही’ हेच सांगण्यात गेलं. उतरत्या नोकरीत त्यांची बदली कोकणात झाली आणि खारं पाणी त्यांच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. निवृत्त होऊन धुळ्याला परतले, तेव्हा माणसं फ्लॅट घेतात, चारधाम करतात. यांनी टाकी घेतली. मिठाची पोती मागवायची, शुद्ध केलेल्या पाण्यात ते मीठ मोजून विरघळवायचं, त्यात दगड ठेवायचे आणि दगडांवर प्रवाळ वाढवायचं. आमच्याकडे प्रवाळ म्हणजे मंगळ असलेल्या माणसाच्या अंगठीतला खडा. ते जिवंत असतं, उघडतं, मिटतं, हे मला साठीच्या घरात येताना कळलं.

“हे झाड नाही, बरं का,” नाना सांगायचे. “प्राणी आहे. पण पोटात शेती करतो. अंगात बारीक शेवाळ पाळतो, ते उजेडावर अन्न बनवतं आणि हा बसून खातो.”

“म्हणजे जमीनदार,” मी म्हणायचो.

“जमीनदार उजेड गेला तर मरत नाही,” नाना म्हणायचे.

टाकीत एक नारिंगी मासा होता, दगडावर हिरव्या-जांभळ्या बटणांसारखी दिसणारी झोआ नावाची प्रवाळं होती, आणि मध्ये एक मोठा गुच्छ. लांब, जाडसर बोटं, टोकाला पिवळे ठिपके, पाण्यात सतत झुलणारी. दुकानदारांच्या भाषेत त्याला काही इंग्रजी नाव आहे. वहिनी त्याला झुपका म्हणायच्या. अंगठ्याएवढा तुकडा आणला होता नानांनी, त्याचा नारळाएवढा झाला होता. सकाळी दिवा लागला की तो तासाभराने उघडायचा. तोवर नवरा-बायको समोर चहा घेऊन बसलेले असायचे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर नाना गेले. जेवून हात धुवायला उठले आणि बेसिनपाशीच खाली बसले.

तेराव्यानंतर पुतण्या वहिनींना म्हणाला, “आई, आता पुण्याला चल.” पुतण्या चांगला आहे, सूनबाईही चांगली आहे, खोली तयार होती. वहिनी म्हणाल्या, “टाकीत जीव आहेत. त्यांना रोज बघावं लागतं. सोडून कशी येऊ?” आम्ही सगळेच समजलो. नवरा गेलेल्या बाईने ‘मला माझ्या घरात एकटीला राहायचंय’ असं म्हणायची आपल्याकडे सोय नाही. ‘मासे उपाशी मरतील’ असं मात्र म्हणता येतं. टाकी होती तोवर धुळं होतं. टाकी गेली की पुणं.

आणि संक्रांतीनंतर एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि टाकीवरचा दिवा बसला तो उठलाच नाही. तो भारी होता, परदेशी. नानांनी मुंबईच्या कुणा शौकिनाकडून जुना घेतलेला. धुळ्यातल्या दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि आदराने परत बंद केला. नवीन तसाच घ्यायचा तर वहिनींच्या पेन्शनची वाट लागली असती. माझे पैसे त्या घेणार नव्हत्या. मुलाकडे मागणार नव्हत्या, कारण मागितले असते तर टाकीचाच विषय निघाला असता.

“भाऊजी,” त्या मला फोनवर म्हणाल्या, “तुमच्याकडे नर्सरीत दिव्याखालीच सगळं वाढवतात ना? तुम्हाला कळत असेल.”

मला काही कळत नव्हतं. पण मोठ्या भावाच्या माघारी वहिनीने काही विचारलं आणि मला येत नाही असं म्हणायचं, एवढा सज्जनपणा माझ्यात नाही. मी म्हणालो, “फुकटात करून देतो.”

फुकटात म्हणजे असं, की आमच्या प्रयोगशाळेत जुन्या रॅकचे दिवे काढून ठेवलेले होते. रोपांसाठीचे, लाल-निळे एलईडी. एकत्र लागले की गुलाबी उजेड पडतो. माझा हिशेब सरळ होता. नाना म्हणायचे, हा पोटात शेती करतो. शेतीला कोणता दिवा लागतो ते माझ्याइतकं कुणाला माहीत? साहेबांना विचारून दोन दिवे घेतले आणि धुळ्याला जाऊन टाकीवर बांधले.

संध्याकाळी शेजारचे आबा दारात येऊन उभे राहिले. सगळी बैठक गुलाबी झालेली. भिंतीवर नानांचा फोटो, हार घातलेला, तोही गुलाबी.

“नाना जाईसनी वरीस नही व्हयनं,” आबा म्हणाले, “अन् घरमा डीजे लाई दिन्हा का?”

वहिनी कित्येक दिवसांनी हसल्या. मला वाटलं, दिवा चालला नाही तरी फेरी वाया गेली नाही. पण दिवा चालला. फार चालला. त्या उजेडात शेती झाली, पण ती पोटातली नव्हे, बाहेरची. काचेवर, दगडांवर, पंपावर हिरवं बुळबुळीत शेवाळ चढलं. झोआंनी बटणं मिटून घेतली. वहिनी रोज जुन्या एटीएम कार्डाने काच खरवडायच्या आणि मला फोन करून सांगायच्या, “तुमचं पीक काढलं आज.”

गुलाबी दिवे उतरवले. तोवर सोय म्हणून टाकीवर घरातली साधी ट्यूब टांगली आणि मी अभ्यासाला लागलो. मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले की आठवड्याभरात नर्सरीतल्या पोरांना मी प्रवाळ शिकवू लागलो. खोल पाण्यात लाल रंग आधी विरतो आणि निळा शेवटपर्यंत पोचतो, म्हणून यांना निळा हवा. पांढरा आपल्या डोळ्यांच्या समाधानापुरता. भारी दिवा आणि स्वस्त दिवा यांत उजेडाचा फरक असतो त्याहून जास्त सोयींचा असतो. लहान टाकीला साधा चिनी दिवा पुरतो. हे सगळं खरं होतं. आजही खरं आहे. माझी माहिती कधी चुकत नाही, फक्त माझा हात चुकतो.

मुंबईच्या एका दुकानदाराला फोन लावला. तरुण आवाज, घाईतला.

“काका, दोन मॉडेल आहेत. दिवा तोच. एकाला डिमर आहे, उजेड कमी-जास्त करता येतो. दुसरा नुसता चालू-बंद. तो बराच स्वस्त पडेल.”

“कमी कशाला करायचा?” मी विचारलं.

“काही लोक करतात.”

“पैसे पूर्ण उजेडाचे द्यायचे आणि जाळायचा अर्धा? चालू-बंदवाला पाठवा.”

“पत्ता पाठवा काका,” तो म्हणाला. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये हे त्याला कुणीतरी नीट शिकवलेलं होतं. आमच्याकडेही नव्या पोरांना आम्ही तेच शिकवतो.

होळी झाल्यावर दिवा आला. मी धुळ्याला जाऊन लाकडी चौकट ठोकली आणि दिवा पाण्यापासून वीतभर उंचीवर टांगला. बटण दाबलं आणि तळापर्यंत निळा उजेड उतरला. झोआ हिरव्यागार पेटल्यासारख्या दिसायला लागल्या, झुपक्याच्या टोकांचे ठिपके एकेक करून उजळले. नानांच्या वेळीसुद्धा टाकी इतकी लखलखीत दिसली नव्हती. वहिनी पदराने काच पुसू लागल्या. काच स्वच्छच होती.

मग म्हणाल्या, “एवढा एकदम चालेल ना त्यांना? इतके दिवस अंधारात होते.”

मी म्हणालो, “म्हणून तर. उपाशी आहेत, पोटभर घेऊ द्या. आणि वहिनी, धुळ्यात राहून उजेडाला काय घाबरायचं?”

टायमर सकाळपासून रात्रीपर्यंत लावला, जेवलो, आणि समाधानाने जळगावला आलो.

पुढचं मला नर्सरीच्या गेटपाशी कळलं. चिनावलकडचे एक जुने शेतकरी आले होते, ट्रे चढत होते, माझं भाषण सुरू होतं. तेवढ्यात फोन वाजला. वहिनी एरवी माझ्याशी शुद्ध बोलतात, शाळेत शिकवायच्या त्या. पण माहेर साक्रीकडचं, मनाला लागलं की अहिराणी येते.

“भाऊजी, बठ्ठं पांढरं व्हई गयं.”

“म्हणजे?”

“सगळ्यांचा रंग उडाला. झुपका आत ओढला गेलाय. खालचं हाड दिसतंय त्याचं.”

बघतो, विचारतो, म्हणून मी फोन ठेवला. मला खरंच काही सुचलं नव्हतं. पाण्यात काही पडलं असेल, उन्हाळ्याने तापलं असेल. शेतकरी चहाचा कप धरून वाट बघत होते. मी सोडलेला धागा उचलला.

“तर भाऊ, नेल्यानेल्या उन्हात काढायचं नाही. हे रोप ट्यूबच्या उजेडात...”

आणि थांबलो.

“पुढं?” ते म्हणाले.

माझी नजर हातातल्या फोनवर गेली.

“पुढचं मला पाठ आहे,” ते म्हणाले. “आधी दाट नेट, मग पातळ. सात वर्षं ऐकतोय. तुम्ही बसा जरा. बरं वाटत नाही का?”

बसलो. खरंच बसलो, खताच्या गोणीवर. काही आठवडे साध्या ट्यूबखाली ठेवलेल्या जिवावर मी एका दुपारी सगळा उजेड ओतला होता. त्याच्या अंगातलं शेवाळ त्या माऱ्याने जळालं, आणि रंग त्या शेवाळाचाच होता. खाली उरलं ते पांढरं, उपाशी. जो माणूस वर्षानुवर्षं पगार घेऊन एकच गोष्ट सांगतो, त्याने नेमकी तीच गोष्ट केली नव्हती. केळीच्या रोपासाठी मला कळत होतं. पाण्यातल्या जिवाला ते लागू पडेल, हे डोक्याच्या ज्या खणात यायला हवं होतं, तिथे बहुधा फुकटचे गुलाबी दिवे ठेवलेले होते.

स्टोअरमधून शेडनेट कापून घेतलं आणि एसटी पकडली. मांडीवर हिरवी गुंडाळी. कंडक्टरने विचारलं, “मंडप कुणाकडे?” मी म्हणालो, “भावाकडे.” एरंडोल मागे पडलं, पारोळा मागे पडलं, मी त्या गुंडाळीवर हात ठेवून बसलो होतो. बाहेरचं ऊन बघवत नव्हतं.

दुकानदाराला वाटेतच फोन केला. तो म्हणाला, “लगेच उजेड उतरवा काका. वीस-पंचवीस टक्क्यांवर आणा.” मग त्यालाच आठवलं. “तुम्ही डिमर घेतला नव्हता, नाही का.”

“नाही.”

“बरं,” तो म्हणाला. हे ‘बरं’ त्याने फार जपून म्हटलं.

टाकीसमोर वहिनी वेताच्या मोढ्यावर बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी काहीतरी विनोदी बोलून वेळ मारून नेली असती. माझं बहुतेक आयुष्य तसंच गेलंय. मी दिवा वर टांगला, नेटचे चौकोन कापले, एकावर एक ठेवून टाकीवर पसरले. पाण्यात हिरवट संध्याकाळ झाली. दर रविवारी एक थर काढायचा, मी सांगितलं.

“रोज शेतकऱ्यांना हेच सांगता ना तुम्ही?” वहिनींनी विचारलं.

“हो.”

“ऐकतात?”

“बहुतेक ऐकतात.”

त्यांनी मान हलवली आणि नेटची एक सुटलेली कड सुईदोरा आणून शिवून टाकली.

झोआंनी तग धरला. फिकट, मिटलेल्या, पण दगडाला धरून. झुपका राहिला नाही. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा त्याची बोटं तपकिरी होऊन गळत होती. बाहेर काढला नसता तर सगळं पाणी नासलं असतं. काढायला मीच हात घातला. हातात आलं ते चिखलासारखं होतं आणि त्याचा वास घरभर झाला. कोकणात मासळी उतरते तिथे असतो तसा. इतकी वर्षं त्या घरात समुद्र होता, पण समुद्राचा वास त्या दिवशी पहिल्यांदा आला. वहिनी मोरीपाशी उभ्या होत्या. मी नळाखाली धरलं, मांस वाहून गेलं, मागे सांगाडा राहिला. पांढराशुभ्र, फांद्यांचा, प्रत्येक फांदीच्या टोकाला बारीक पाकळ्यांची चकती. दगडासारखा जड असेल वाटलं होतं, तेवढा नव्हता.

“याचं काय करायचं?” मी विचारलं. “पांझरेत सोडू?”

“पांझरेत पाणी कुठंय आत्ता,” वहिनी म्हणाल्या. “आणि खाऱ्यातल्याला गोड्यात कशाला सोडायचं?”

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, नानांनी साठवून ठेवलेल्या मिठाच्या पाण्यातून विसळून काढला आणि टाकीत होता तिथेच ठेवला. मासा दोन वेळा जवळ येऊन गेला. मी हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. माझ्याकडे त्या दिवशी एकही विनोद नव्हता. परतीच्या एसटीत मला नानांचं ते जमीनदाराचं वाक्य आठवू नये म्हणून मी शेजारच्याशी कापसाच्या भावावर भांडलो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुतण्या आला, एकटाच. आमच्याकडे त्या वर्षात गेलेल्या माणसाची पहिली घागर आखाजीला भरतात. उंबऱ्यापाशी वहिनींनी मातीची लाल घागर मांडली, तिच्यावर डेरगं, म्हणजे छोटं मडकं, त्यावर आंबा. पितर म्हणून शेजारच्या आबांना जेवायला बोलावलं होतं. पुरणपोळी, आमरस, कुरडया. आबा मनापासून जेवले आणि जेवताना टाकीकडे बघत राहिले. नेटचा शेवटचा एक थर उरला होता.

“रोपवाटिका शे का आते ही?” त्यांनी विचारलं.

“हो आबा,” मी म्हणालो, “नानांची.”

ते गेले. वहिनी आवराआवर करत होत्या. पुतण्या टाकीपुढे जाऊन उभा राहिला. त्याने सांगाडा पाहिला, फिकट पडलेले दगड पाहिले, आणि मला वाटलं, त्याला थोडं सुटल्यासारखं झालं. त्याचा दोष नाही. आई एकटी असलेल्या मुलाला रात्री फोन वाजला की काय होतं, ते मला ठाऊक आहे.

“आई,” तो म्हणाला, “आता यात काय राहिलंय? मी नाशिकच्या दुकानाशी बोललोय. उरलंय ते नेतील ते, नीट सांभाळतील. तू चल ना.”

वहिनी हात पुसत आल्या. “बरं. येते. आणि तोवर इथं कोण बघेल? तुझे काका?”

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मीही माझ्याकडेच पाहिल्यासारखं केलं.

“काकांच्या हातात देऊन गेले, तर महिन्यात घागरी वाढतील,” वहिनी म्हणाल्या. सुरात राग नव्हता. मग त्या टाकीपाशी वाकल्या आणि सगळ्यात खालचा, कडेचा दगड दाखवला. तिथे सात-आठ झोआ अर्धवट उघडल्या होत्या. मधे हिरवा ठिपका परत आलेला, टाचणीच्या डोक्याएवढा. बाकीच्या मिटलेल्याच.

पुतण्या खाली बसला. काचेजवळ तोंड नेऊन बघितलं त्याने. मग मला विचारलं, “काका, हे जगेल?”

त्याला हो म्हणून हवं होतं की नाही म्हणून, हे त्यालाही सांगता आलं नसतं. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. मी विक्रीतला माणूस आहे, रोप जगेल का असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून शंभर टक्के आपोआप बाहेर पडतं. हो म्हणालो असतो तर तो म्हणाला असता, मग नाशिकलाही जगेल. नाही म्हणालो असतो तर त्याने बॅगच भरली असती. पण मी हे सगळं तोलून बोललो, असं कुणी समजू नये. एवढं झाल्यावर शंभर टक्के हा शब्द माझ्या तोंडातून निघेना.

“माहीत नाही,” मी म्हणालो. “सहा महिने लागतील कळायला. कदाचित वर्ष.”

“आणि कुणीतरी रोज बघायला लागेल,” वहिनी म्हणाल्या.

“लागेल.”

पुतण्या उठला. गुडघे झटकले. मग एकदम वेगळंच विचारलं, “इन्व्हर्टरची बॅटरी किती जुनी आहे गं?”

“तुझ्या पप्पांनी घेतलेली.”

“बदलून घेतो जाण्याआधी,” तो म्हणाला, आणि चपला घालून बाहेर पडला. वहिनी खिडकीशी उभ्या राहून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

“भाऊजी, तो शेवटचा थर आज काढायचा का?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं, राहू द्यावा अजून,” त्या म्हणाल्या.

मी राहू दिला.